पुण्य सरल्यावरचा रविवार

स्वर्ग हे कायमच्या मुक्कामाचे ठिकाण नाही, ही भारतीय धर्मविचारातील एक जुनी आणि ठाम धारणा आहे. यज्ञादी पुण्यकर्मांच्या बळावर माणसाला तेथे प्रवेश मिळतो, पुण्य शिल्लक असेतो तेथील भोग घेता येतात आणि ते सरले की मृत्युलोकात परत यावे लागते, असे भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या ठिकाणी वेश्येच्या गिऱ्हाइकाचा दाखला येतो: गाठीची शेवटची कवडी खर्च झाली की त्याला तिच्या दाराला हात लावण्याचीही सोय राहत नाही. या विचारातून जो प्रश्न उभा राहतो, तो केवळ परलोकापुरता नाही. सुखाच्या स्थळाहून रोजच्या स्थळी येणे हे पतन समजायचे, की त्या येण्याला स्वतःचे काही मूल्य आहे? आखाती देशांतील मराठी कुटुंबांच्या जीवनात या प्रश्नाला अगदी लौकिक रूप आले आहे आणि कतारमधील दोह्याच्या वेस्ट बे या भागात ते विशेष स्पष्ट दिसते.

वेस्ट बे ही मुळात समुद्रात भर घालून तयार केलेली जमीन आहे. १९७० च्या दशकात दोह्याच्या उपसागराचा उत्तरेकडील काठ आखून भरण्यास सुरुवात झाली, १९८२ मध्ये तेथे विल्यम परेरा या अमेरिकी वास्तुविशारदाने रचलेले पिरॅमिडच्या आकाराचे शेरेटन हॉटेल उघडले आणि पुढील तीन दशकांत त्याच्यामागे मंत्रालये, वकिलाती, बँका आणि तेल-वायू कंपन्यांच्या कार्यालयांचे मनोरे दाटीने उभे राहिले. या मनोऱ्यांत काम करणाऱ्यांमध्ये मराठी अभियंते, लेखापाल, बँक कर्मचारी आणि संगणकतज्ज्ञही आहेत. साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असल्यामुळे, ज्या रविवारची ही माणसे लहानपणी आठवडाभर वाट पाहत, तोच आता कामाचा पहिला दिवस झाला आहे. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यानुसार पाच वर्षांपेक्षा कमी नोकरी झालेल्यास वर्षाला तीन आठवड्यांची आणि त्याहून अधिक काळ काम केलेल्यास चार आठवड्यांची रजा मिळते. त्या रजेचा मोठा भाग पुणे, कोल्हापूर किंवा रत्नागिरीला जाण्यात, म्हणजे आईवडिलांची औषधपाण्याची व्यवस्था लावण्यात, लग्नमुंजींत आणि घराच्या कागदपत्रांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवण्यात जातो. तिला सुट्टी म्हणतात खरे, पण तीत विसावा फारसा नसतो. म्हणून अनेक कुटुंबे त्यातले काही दिवस वाचवून मालदीव, सेशेल्स, झांझिबार किंवा श्रीलंका अशा विषुववृत्ताजवळच्या बेटांकडे वळतात. वर्षभरात शंभर मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या शहरातून निघालेल्या माणसाला काही तासांतच माडांची राई आणि पावसाची सर दिसते, तेव्हा तो केवळ हवापालट राहत नाही. कोकणात वाढलेल्याला तर तो हरवलेल्या मुलखाचा भास वाटतो.

या सहलीची आणि पौराणिक स्वर्गाची रचना एकाच हिशेबावर उभी आहे. रजा पुण्यासारखी महिन्यामहिन्याने साठते, एकदम खर्च होते आणि शिल्लक संपली की मुक्काम हलवावा लागतो. हॉटेलच्या खोलीची प्लॅस्टिकची किल्ली ठरल्या दिवशी दुपारी बारा वाजता काम करेनाशी होते आणि काल ज्याला नावाने हाक मारली जात होती, त्याचे सामान बोटीच्या धक्क्यावर ठेवले जाते. मात्र साम्य एवढ्यावरच सोडले तर हाती फक्त एक चमत्कृती लागते. परंपरेने या हिशेबातून जो निष्कर्ष काढला, तो अधिक महत्त्वाचा आहे.

पुराणांतील भूगोलात कर्मभूमी आणि भोगभूमी असा भेद केलेला आढळतो. ज्या भूमीवर केलेल्या कृत्याला नैतिक फळ असते, म्हणजे जेथे माणूस आपल्या करणीने घडतो किंवा बिघडतो, ती कर्मभूमी; आणि जेथे पूर्वी मिळवलेले फळ नुसते उपभोगायचे असते, ती भोगभूमी. विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात भारतवर्षाला कर्मभूमी म्हटले असून इतर प्रदेशांना भोगभूमीत गणले आहे, आणि सात द्वीपांपैकी शेवटच्या पुष्करद्वीपाचे जे वर्णन केले आहे, ते आजच्या वाचकालाही ओळखीचे वाटावे असे आहे. तेथील माणसे निरोगी आणि दीर्घायुषी असतात, त्यांच्यात उच्चनीच भाव नसतो आणि षड्रसयुक्त भोजन त्यांच्यापुढे आपोआप येते. त्याच वर्णनात तेथे काय नसते, याचीही यादी आहे: त्रयी म्हणजे वेदविद्या, वार्ता म्हणजे शेती आणि व्यापार, दंडनीती म्हणजे राज्यव्यवहार, आणि शुश्रूषा म्हणजे सेवा, यांपैकी तेथे काहीच नाही. जैन परंपरेनेही हा भेद काटेकोरपणे मांडला आहे. तिच्या विश्वरचनेत लवणसमुद्रातील अंतर्द्वीपे भोगभूमीत मोडतात. भोगभूमीतील माणसांच्या गरजा कल्पवृक्ष भागवतात, पण त्यांना महाव्रते घेता येत नाहीत आणि तेथून मोक्षही मिळत नाही. देवांचीही तीच गत आहे, कारण मुक्तीसाठी त्यांना मनुष्यजन्म घ्यावाच लागतो. भोगभूमी निंद्य नाही, पण तेथे माणसाचे पुढचे पाऊल पडत नाही, असा या दोन्ही परंपरांच्या म्हणण्याचा आशय आहे.

या भेदाचे सर्वांत सूक्ष्म विवेचन महाभारताच्या वनपर्वातील मुद्गलाच्या कथेत सापडते. ही कथा व्यास युधिष्ठिराला सांगतात, म्हणजे तिचा श्रोता स्वतःच अरण्यातून राज्याकडे परतण्याची वाट पाहणारा माणूस आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मुद्गल कुरुक्षेत्रात शिलोञ्छवृत्तीने राहत असे; कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे आणि दाणे वेचून त्यांवर निर्वाह करणे, असा या वृत्तीचा अर्थ आहे. पंधरवड्यात जेमतेम एक द्रोण, म्हणजे एक ठरावीक मापभर, धान्य जमे आणि अमावस्या-पौर्णिमेला देव आणि अतिथी यांना वाढून उरलेले तो बायकामुलासह खाई. दुर्वास ऋषी एकामागून एक सहा पर्वांना आले आणि दर वेळी सगळे अन्न खाऊन गेले, तरी मुद्गलाच्या मनात राग आला नाही. तेव्हा देवदूत विमान घेऊन त्याला न्यायला आला. मुद्गलाने लगेच पाय उचलला नाही. त्याने आधी स्वर्गाचे गुण विचारले आणि मग दोष विचारले. दूताने ते प्रामाणिकपणे सांगितले. तेथे केलेल्या कर्माचे फळ भोगता येते, पण नवे काही करता येत नाही. दुसऱ्याचे अधिक तेजस्वी ऐश्वर्य पाहून असमाधान वाटते. आणि पतनाची वेळ जवळ आली की गळ्यातल्या माळा कोमेजतात व भय दाटते. ही कर्मभूमी आहे आणि ती फलभूमी, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. हे ऐकून मुद्गलाने विमान परत पाठवले.

दूताने सांगितलेल्या दोषांपैकी मधला दोष, म्हणजे दुसऱ्याचे ऐश्वर्य पाहून येणारी खंत, बेटावरील मुक्कामाला तंतोतंत लागू पडते. पाण्यावर बांधलेल्या खोलीत राहणाऱ्याला किनाऱ्यावरच्या खोलीची किंमत कळत नाही आणि किनाऱ्यावरच्याला पाण्यावरची खोली विसरता येत नाही. तरीही त्या यादीतील पहिला दोष सर्वांत खोल आहे. नवे काही करता येत नाही, हे सुखाचे लक्षण म्हणून मानले जाते आणि दूत मात्र ते दोषांत मोजतो. बेटावर चार-पाच दिवस काहीही न करण्यात मोठे सुख आहे, हे नाकारण्याचे कारण नाही, कारण काम, म्हणजे सुखोपभोग, यालाही पुरुषार्थांत स्थान देणाऱ्या परंपरेने भोगाला पाप ठरवलेले नाही. परंतु जेथे कोणाचेही आपल्यावाचून अडत नाही, तेथे माणूस सुखी असला तरी कर्ता नसतो. त्या दृष्टीने परत येणे म्हणजे गेलेले कर्तेपण पुन्हा हाती येणे होय.

येथे दोन आक्षेप गंभीरपणे घ्यावे लागतात. पहिला आक्षेप असा की, पुष्करद्वीपात शुश्रूषा नाही असे पुराण म्हणते, पण प्रत्यक्षातल्या बेटांवर ती दिवसरात्र चाललेली असते. फक्त पाहुण्याला ती करावी लागत नाही. मालदीवमध्ये पर्यटनाची सुरुवात १९७२ मध्ये झाली आणि तेथे एका बेटावर एकच रिसॉर्ट ही पद्धत रुजली, म्हणजे स्थानिकांची वस्ती असलेली बेटे वेगळी आणि पाहुण्यांची बेटे वेगळी, अशी विभागणी झाली. रोजचे जीवन काढून घेतलेली भूमी पाहुण्यासाठी अशा रीतीने मुद्दाम घडवली जाते. ती घडवणारे हात मालदीवी, बांगलादेशी, भारतीय आणि श्रीलंकन कामगारांचे असतात आणि त्यांच्यातले कित्येक वेस्ट बेमधील मराठी नोकरदाराप्रमाणेच घरापासून दूर राहून गावी पैसे पाठवतात. एकाची भोगभूमी ही दुसऱ्याची कर्मभूमी असते, हे पुराणांनी सांगितलेले नाही. ते आजच्या जगाकडे पाहूनच कळते.

खुद्द वेस्ट बेचा इतिहासही हीच गोष्ट उलट्या बाजूने दाखवतो. हे मनोरे उभे राहण्याच्या कितीतरी आधी या आखातातील माणसांसाठी समुद्र हेच कष्टाचे ठिकाण होते. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने मोती काढणारे पाणबुडे होड्यांवर राहून शिंपल्यांसाठी बुड्या मारत आणि हंगाम संपल्यावर होड्या एकत्र किनाऱ्याला लागत. या परतण्याला ‘कुफ्फाल’ म्हणतात. तेव्हा गाव विसाव्याचे आणि पाणी श्रमाचे होते. त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईत होती आणि १९६६ पर्यंत कतारमध्ये रुपयाच चलनात होता, त्यामुळे या किनाऱ्याचा आणि मुंबईचा व्यवहार तेल सापडण्यापूर्वीपासूनचा आहे. १९३० च्या सुमारास जागतिक मंदी आणि जपानी संवर्धित मोती यांनी तो धंदा बुडवला. आज त्याच समुद्रात वेस्ट बेच्या उत्तरेला ‘द पर्ल’ हे कृत्रिम बेट भर घालून उभारले आहे आणि तेथील किनाऱ्यालगतची घरे कायमच्या सुट्टीचे आश्वासन देत विकली जातात. तेथे राहणाऱ्यालाही रविवारी सकाळी कार्यालय गाठावे लागते, हे सांगायला नको. याचा अर्थ असा की कर्मभूमी आणि भोगभूमी हे नकाशावरचे प्रदेश नाहीत. माणूस त्या जागी कोणत्या नात्याने उभा आहे, यावरून ते ठरते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. परत येणे म्हणजे कर्मभूमीत येणे, असे म्हटले की कोणत्याही नोकरीला धर्माचे कोंदण मिळते आणि कर्मयोग हा शब्द व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत मुकाट राबण्याचा उपदेश म्हणून वापरता येतो. शास्त्रातील कर्म आणि कार्यालयातील काम यांत फरक आहे. ज्या कृतीत योग्य काय आणि अयोग्य काय याची निवड असते आणि जिच्यामुळे कोणाचे तरी बरे किंवा वाईट होते, ती कृती या विचारात कर्म ठरते. वातानुकूलित मनोऱ्यात बसून भरलेला तक्ता कर्म ठरेलच असे नाही आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी उन्हात राबणाऱ्याचे श्रम नशिबाचे भोग म्हणून सोडून देता येत नाहीत. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावरील कामाला कायद्याने बंदी आहे. हा नियम पाळला जातो की नाही याकडे लक्ष ठेवणारा कनिष्ठ अभियंता त्या क्षणी शास्त्राच्या अर्थाने कर्म करत असतो, मग त्याच्या दिवसाचा उरलेला भाग कितीही निरस असो.

मुद्गलाच्या कथेचा शेवटही प्रामाणिकपणे पुढे ठेवला पाहिजे. त्याने स्वर्ग नाकारला तो कुरुक्षेत्रातल्या दाण्यांवर प्रेम जडले म्हणून नव्हे. जेथून परतावे लागत नाही असे पद त्याला हवे होते आणि ज्ञानाच्या मार्गाने त्याने ते मिळवले. वेदान्ताचा आदर्श हाच आहे: अपुनरावृत्ती, म्हणजे पुन्हा न येणे. मराठी संतपरंपरा मात्र या ठिकाणी वेगळे वळण घेते. वारकरी संतांनी मुक्तीपेक्षा भक्ती आणि संतसंग श्रेष्ठ मानला आणि त्यासाठी पुन्हा जन्म घ्यावा लागला तरी चालेल, अशी भूमिका घेतली. सावता माळ्याने अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, एकनाथांनी पैठणला गृहस्थाश्रमात राहूनच अध्यात्म आचरले, आणि वारकरी नसलेल्या रामदासांनीही दासबोधात प्रपंच नीटनेटका करण्याचा आग्रह धरला. येथे परत येणे हे शिक्षा म्हणून भोगायचे उरत नाही, ते मागून घ्यायचे होते.

परंतु परत येणे मागून घेण्यासारखे व्हायचे, तर त्याला काही रीत लागते आणि धर्मांनी ती घालून दिली आहे. पंढरपूरला गेलेल्या पालख्या आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्यावर परत फिरतात. जाताना सुमारे अठरा-एकोणीस दिवस लागतात आणि परतीची वाट साधारण दहा दिवसांत, तुलनेने थोड्या माणसांसह, पार पडते, तरीही पालखी आळंदीला किंवा देहूला पोहोचेपर्यंत वारी पुरी झाली असे मानत नाहीत. इस्लाममध्ये हजला गेलेला माणूस केस कापून इहरामच्या, म्हणजे यात्रेतील निर्बंधांच्या, अवस्थेतून बाहेर येतो. आणि कुराणाच्या जुमुआ या सूरेत शुक्रवारच्या नमाजासाठी व्यवहार थांबवण्याची जशी आज्ञा आहे, तशीच नमाज झाल्यावर पांगून ईश्वराचा प्रसाद शोधण्याची, म्हणजे उद्योगाला लागण्याचीही आहे. महाराष्ट्रात काशीयात्रेहून आल्यावर मावंदे घालतात. आप्तेष्टांना आणि शेजाऱ्यांना बोलावून गंगेची पूजा होते, गंगोदक वाटले जाते आणि सर्वांना जेवू घालतात. तोपर्यंत यात्रेची सांगता झाली असे कोणी समजत नाही. या विधीतील तर्क सरळ आहे. प्रवासात मिळवलेले जे काही आहे, ते एकट्याच्या खात्यावर ठेवायचे नसते आणि परत आलेला माणूस घरी पोहोचला हे त्याच्या पंगतीला चार माणसे जेवल्यावर ठरते.

आधुनिक सहलीला असे मावंदे नाही. गावाहून आलेला मराठी माणूस कार्यालयात भाकरवडी आणि लाडू वाटतो, केरळहून आलेला सहकारी केळ्याचे वेफर्स ठेवतो, पण बेटाहून आलेल्याजवळ वाटण्यासारखी फक्त छायाचित्रे असतात, आणि ती पाहून दुसऱ्याला देवदूताने सांगितलेला तो दुसरा दोषच प्राप्त होतो. परतल्यावर येणाऱ्या उदासीचे खापर सहसा शहरावर, उन्हावर किंवा साहेबावर फोडले जाते. त्या उदासीचे एक मूळ मात्र या रिकाम्या जागेत आहे: भोग संपला, पण तो कोणाच्याच वाट्याला गेला नाही.

तरीही रीत पूर्णपणे नाहीशी झालेली नाही; ती लहान आणि बिननावाची झाली आहे. वेस्ट बेमधील एखाद्या सदनिकेचे दार आठवड्याने उघडते, तेव्हा खिडकीच्या फटींतून आलेली बारीक पिवळसर धूळ देव्हाऱ्यावर बसलेली असते, फ्रिज निघताना मुद्दाम रिकामा केलेला असतो आणि बाल्कनीतली तुळस शेजारच्या घरी सांभाळायला दिलेली असते. दूध दुकानातून आणता येते, पण घरच्या दह्याला विरजण लागते. ते मागायला आणि तुळस परत आणायला त्याच संध्याकाळी शेजारच्या दारात जावे लागते. बेटावर काय पाहिले याची चौकशी होते, शेजाऱ्यांची मुले शंखशिंपले हाताळतात, मुलांच्या शाळेतली राहिलेली सूचना कळते आणि पुढच्या महिन्यात सुट्टीवर निघालेल्या शेजारणीच्या घराची किल्ली ताब्यात येते. धर्मशास्त्राने गृहस्थाला पाच महायज्ञ सांगितले आहेत: ऋषी, देव, पितर, माणसे आणि इतर जीव यांना रोज काहीतरी द्यायचे. त्या यादीतील मनुष्ययज्ञ, म्हणजे माणसाने माणसाची सोय पाहणे, तो या देवाणघेवाणीत कोणी नाव न घेताही पार पडत असतो.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. परतणे हे पतन आहे की नाही, हे सोडलेली जागा किती सुंदर होती यावर अवलंबून नाही आणि आलेली जागा किती रूक्ष आहे यावरही नाही. परत आल्यावर कोणाचे देणे आपल्याकडे आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याला कोणतेही शहर मृत्युलोकच वाटेल. ज्याला ते ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने रविवार हा पुण्य सरल्याचा दिवस नसून ते पुन्हा मिळवता येऊ लागल्याचा दिवस आहे. पुष्करद्वीपात प्रत्येकापुढे अन्न आपोआप येते, त्यामुळे तेथे कोणी उपाशी नाही, आणि म्हणून तेथे कोणाला जेवू घालणेही शक्य नाही. मुद्गलाचे मापभर धान्य त्या भूमीवर कवडीमोलाचे ठरले असते. त्याची किंमत दुर्वासासारखा भुकेला पाहुणा जेथे येऊ शकतो, अशा ठिकाणीच आहे.